पहिल्या नंबरची पनवती

५ ऑगस्ट, मंगळवार

मेरेडिथनं आज मला वाचकांना उत्तरं द्यायला बंदी केली. एका इसमानं लिहिलं होतं, ‘नॉर्ब कुचमार्स्की ज्याचं कौतुक करतो तो मेलाच समजा.’ मी त्याला उलट कळवलं, की मग उद्यापासून तुमचं कौतुक सुरू करतो. यात एवढं काय चुकलं? पण मेरेडिथ संपादक आहे आणि मी एकसष्ट वर्षांचं जुनं खोड. ती म्हणाली, “नॉर्ब, जे ओकायचं ते वहीत ओक.” तर ही ती वही.

ऑगस्ट लागला. दरवर्षीप्रमाणे अमेरिकन फुटबॉलच्या बत्तीस टीमांना एक ते बत्तीस नंबर लावून ‘लेकशोर कुरियर’च्या पुरवणीत द्यायचे आहेत. सगळ्या देशातले क्रीडापत्रकार हेच करतात. एकही सामना झालेला नसताना कोण पहिला आणि कोण शेवटचा हे सांगायचं, आणि फेब्रुवारीत हंगाम संपला की तोंड लपवायचं. फरक इतकाच, की माझी पद्धत शास्त्रीय आहे. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, त्याला वाचवणारे पाच धिप्पाड गडी, जुनी दुखणी आणि प्रशिक्षकाचा चेहरा या चार गोष्टी मी पाहतो. चेहऱ्यावर खूप कळतं. लग्नात व्याह्यांचा चेहरा पाहून कळतं तसंच.

बत्तीस टीमांची बत्तीस चुंबकं आज फ्रीजच्या दारावर लावली. आता महिनाभर माझी बायको लोरेन दूध काढताना कटकट करणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे बर्निसच्या बारमध्ये तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर आणि गावभरच्या शिव्या. शिव्या फक्त मला.

आत पाय ठेवला तेव्हाच बर्निस ओरडली, “आला बघा पांढऱ्या पायाचा. ए नॉर्ब, यंदा न्यू इंग्लंडला पहिलं ठेव. माशाचे पैसे घेणार नाही.”

पलीकडून पोस्टमन युजीन म्हणाला, “न्यू इंग्लंड नको, मायामी. आमच्या गटात मायामी आहे, दोनदा गाठ पडते त्यांच्याशी. तू फक्त त्यांना पहिलं म्हण. पुढचं देव बघेल.”

या लोकांची समजूत अशी, की मी ज्या टीमला पहिला नंबर देतो तिचं वाटोळं होतं. आता कुणाचा गुडघा गेला, कुणाचा प्रशिक्षक भांडून निघून गेला, एका टीमचे अर्धे लोक एकाच जेवणानं आजारी पडले, यात माझा काय दोष? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते. पण गेली कित्येक वर्षं फांदी मोडतेच आहे, आणि या गावाला कावळा पाठ झालाय.

माझा लेख इथं नीट वाचला जातो अशी एकच जागा आहे. बर्निस रोजचं क्रीडापान पुरुषांच्या मुतारीत, बरोबर डोळ्यांसमोर चिकटवते. तरुण पोरं पहिला परिच्छेद वाचून निघून जातात. माझ्या वयाचे लोक लेख संपवतात.

१० ऑगस्ट, रविवार

प्रवचनात फादर लेस्झेक म्हणाले, शेजाऱ्यावर प्रेम करा. बाहेर पायरीवर माझा हात धरून म्हणाले, “नॉर्बर्ट, मायामीचा विचार कर.” मी म्हटलं, फादर, मायामी आपला शेजारी नाही का? ते म्हणाले, “चौदाशे मैलांवर आहे. तिथवर प्रेम पोचत नाही.”

घरी आलो तर फ्रीजवर आमच्या गावची बफेलो पहिल्या नंबरवर. मी ती पाचवीवर लावून गेलो होतो. खाली आणली. जेवण होईतो पुन्हा पहिली. संध्याकाळी बघतो तर चौदावी! एकाच दारावर दोन भुतं दिसताहेत, एक वर चढवतंय आणि एक खाली ओढतंय.

वर चढवणारं भूत मला माहीत आहे. त्याचं नाव कॅसिमिर ऊर्फ कॅझ, वय अठ्ठ्याऐंशी, लोरेनचे वडील. वसंतापासून आमच्याकडे आहेत. हृदय दमलंय आणि पाय सुजलेत, पण जीभ ठणठणीत. जन्मभर पोलादाच्या कारखान्यात भट्टीसमोर उभे राहिले. कारखाना गेला, बायको गेली. टीम लागोपाठ चार वर्षं अंतिम सामन्यात जाऊन चारही वेळा हरली. इतकं सोसूनसुद्धा म्हातारा दर ऑगस्टला म्हणतो, यंदा आपलंच. याला श्रद्धा म्हणावं की निगरगट्टपणा, मला ठरवता येत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

मागच्या व्हरांड्यात कॅझचे पाय गरम पाण्यात सोडून बसलो होतो. म्हातारा म्हणाला, “नॉर्बी, यंदा आपल्याला पहिलं ठेव.”

“पप्पा, ते माझ्या मर्जीवर नसतं. पद्धत असते.”

“बरं. तुझ्या पद्धतीनं आपण कितवे?”

मी पाण्यात मीठ टाकलं. खरं म्हणजे पद्धतीनं आम्ही पहिलेच येतो. गेल्या वर्षीही आलो होतो. त्याच्या आदल्या वर्षीही.

“मग पाचवे का छापतोस?”

“घरची टीम आहे. पक्षपात दिसतो.”

“पक्षपात कसला रे? घाबरतोस तू. बर्निसच्या बारमध्ये बसून पनवतीला हसतोस आणि घरी येऊन चड्डी भिजवतोस.”

मग त्यांचा आवाज जरा उतरला. म्हणाले, “हे बघ पोरा. या गावाला सगळ्यांनी खालचंच म्हटलं. बर्फ, गंज आणि हरलेले सामने, एवढीच आपली ओळख. मला एकदा छापील कागदावर आपलं नाव सगळ्यांच्या वर बघायचंय. तुझ्या त्या टीव्हीवरच्या शहाण्यांनी ठेवलेलं नको. आपल्या पेपरात, आपल्या माणसानं ठेवलेलं हवं. पुढं काय व्हायचं ते होऊ दे. पुढचं बघायला मी असेन असं कुणी लिहून दिलंय?”

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, हे इथं लिहायला हरकत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लोरेनला सांगितलं. वाटलं होतं डोळे पुसेल. तिनं हातातला बटाटा भांड्यात आपटला.

“खबरदार पहिला नंबर दिलास तर.”

“अगं, तुझ्याच बापाची इच्छा आहे.”

“आणि डॉक्टर काय म्हणाले ते विसरलास? ख्रिसमस बघितला तरी खूप. पप्पा मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, बफेलो खेळतेय तोवर मी कुठं जात नाही. मागच्या वर्षी न्यूमोनियात बघितलंस ना? टीम स्पर्धेतनं बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी खाणं सोडलं त्यांनी. आता तू नाट लावलास, ऑक्टोबरातच टीम झोपली, तर ते कशासाठी थांबतील?”

“लोरेन, तू तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंस.”

“शाळेत शिकवलं. हा माझा बाप आहे.”

तर खाली ओढणारं भूत कोण तेही कळलं. म्हणे म्हाताऱ्याचा डोळा लागला की ती बफेलोला गर्दीत लपवून ठेवते, कुणाची नजर जाऊ नये म्हणून. मी तिला शांतपणे सांगितलं, की पनवती ही अडाणी समजूत आहे आणि क्रमवारीनं कुणाचा गुडघा जात नाही. ती म्हणाली, “मग ठेव पहिलं.” मी म्हटलं, “बघतो.”

नंतर सहज फ्रीजपाशी गेलो होतो. बफेलो पाचवी होती, ती सातवी केली. शास्त्रीय कारण होतं, आता आठवत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मेरेडिथला चक्क बफेलो पहिली हवी आहे. म्हणाली, “गाव पेटून उठेल. लोक चिडले की वाचतात, वाचून आणखी चिडतात, मग भावालाही वाचायला पाठवतात.” चौतिशीच्या पोरीला एवढं मानवी स्वभावाचं ज्ञान असणं बरं नाही. मी म्हटलं, आपण बातमी देतो, आगी लावत नाही. ती म्हणाली, “कधीपासून?”

घरात म्हातारा आणि ऑफिसात ही एका बाजूला; दुसऱ्या बाजूला बायको, बर्निस, चर्च आणि डाकखातं. अडकित्त्यातली सुपारी झालोय.

बाकी एकतीस नंबर मात्र झरझर लागताहेत. डॅलस अकरावी. त्यांना दरवर्षी वाटतं यंदा आपणच, आणि वाटायला काही लागत नाही. न्यू यॉर्कच्या दोन्ही टीमा तळाला. नाव न्यू यॉर्कचं आणि मैदान शेजारच्या राज्यात, अशा बिऱ्हाडकरूंना वर कोण बसवणार? क्लीव्हलँडबद्दल काही लिहीत नाही. तळ्याकाठचे शेजारी आहेत, आणि मेलेल्याला मारू नये.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

मासा खारट होता. बर्निस म्हणाली, मायामीला पहिलं ठेवेपर्यंत खारटच मिळेल.

कॅझ आले नाहीत. पायऱ्या उतरवत नाहीत आता. मी डब्यात मासा नेला, त्यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, “काय ठरलं?” मी म्हटलं, अजून पद्धत चालू आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

अंघोळ करताना सुचलं. पेपरच्या हजारो प्रती निघतात, म्हातारा वाचतो एकच.

मेरेडिथला म्हटलं, गावासाठी माझी यादी छाप, मायामी पहिली, बफेलो पाचवी. आणि त्याआधी एका प्रतीपुरतं पान बदल. त्यात बफेलो पहिली, मायामी पाचवी.

“एका प्रतीसाठी वेगळं पान करायचं? छापखाना मला जिवंत ठेवणार नाही.” मग तिनं विचारलं, “कॅझ म्हणजे तेच ना, दर सोमवारी फोन करून ‘खरा संपादक कुठाय’ विचारतात ते?”

“तेच.”

“मला आवडतात ते. दोन काढू. एक माझ्या टेबलावर लावीन.”

लोरेनला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “नॉर्ब, छत्तीस वर्षांत तू पहिल्यांदा काहीतरी डोक्यानं केलंस.” बायकोकडून एवढं आलं म्हणजे पुरस्कारच.

मग म्हणाली, “आणि पनवतीचं?”

मी म्हटलं, एक प्रत म्हणजे खाजगी मत. खाजगी मतानं नाट लागत नाही. याबाबत मी बराच विचार केला होता, अर्थात पनवती मानत नसलो तरी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी कॅझच्या हातात पेपर ठेवला. शाईचा वास होता. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. एक. बफेलो. खाली मी लिहिलं होतं, ‘यंदा यांच्यावर कुणी नाही, आणि हे मी पूर्ण शुद्धीत लिहितोय.’ म्हाताऱ्यानं त्या ओळीवरून अंगठा फिरवला. लोरेन सिंकपाशी तोंड करून उभी होती.

इथवर सगळं ठीक होतं. चार वाजता म्हातारा खोलीतून बाहेर आला तो टाय बांधून. काखेत पेपर.

“चल. बर्निसकडे.”

“पप्पा, पायऱ्या आहेत.”

“तू आहेस ना.”

बर्निसकडे प्रत्येक टेबलावर आजचा पेपर असणार आणि त्यात मायामी पहिली. लोरेननं त्यांना कोट घालायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. मी मागच्या दारी जाऊन बर्निसला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हसणार.

ती म्हणाली, “वीस मिनिटं दे. आणि नॉर्ब, आज तुझी धडगत नाही. तयारीनं ये.”

आम्ही आत शिरलो. एकाही टेबलावर पेपर नव्हता. युजीन एका बाजूला कलून बसला होता, पेपर ढुंगणाखाली घेतल्यावर माणूस बसतो तसा. मग बर्निसनं तोफ डागली.

“ये, ये, मेल्या. लाज नाही वाटत? आपल्याच टीमला पहिला नंबर देतोस? बुडवलंस गावाला!”

“दोन महिन्यांत क्वार्टरबॅकला काठी देणार हा,” युजीन ओरडला. “तुझी पत्रं आजपासून तळ्यात टाकतो.”

कोपऱ्यातून कुणीतरी पावाचा तुकडा मारला. फादर लेस्झेक बियरचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, “नॉर्बर्ट, कन्फेशनला ये. लांबलचक.” मी या लोकांना चाळीस वर्षं ओळखतो. पण त्यातला एकजण जरी आज हसला असता तर सगळं फुटलं असतं. कुणी हसलं नाही. मनापासून शिव्या देत होते. काहींना बरेच दिवस द्यायच्या राहिल्या असाव्यात.

कॅझ काठी टेकून मध्ये उभे राहिले. “बास. माझ्या जावयाला कुणी बोलायचं नाही. तुम्ही सगळे पाचव्या नंबरची औलाद. इतकी वर्षं मीही तेच होतो. पहिलं म्हणायला छाती लागते, ती याला आहे.”

छत्तीस वर्षांत या माणसानं मला जास्तीत जास्त ‘बरा आहे’ म्हटलं होतं. मी माशाकडे बघत बसलो.

म्हाताऱ्यानं अख्खा मासा संपवला. पेपर सगळ्यांना दाखवला. ज्याला त्याला पहिली ओळ मोठ्यानं वाचायला लावली आणि प्रत्येकानं ती वाचून मला नव्यानं शिवी दिली. मग ते मुतारीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी बघायला उठणार तोच चष्मा खिशात ठेवत बाहेर आले. विचारलं, “बरं आहे ना?” म्हणाले, “या वयात वेळ लागतो.”

खुर्चीत बसून त्यांनी एकेकाकडे बघितलं. युजीन, फादर, बर्निस. मला वाटलं, दमले. मग म्हणाले, “बर्निस, सगळ्यांना एकेक ग्लास. माझ्या नावावर.” कॅसिमिरनं कुणाला पाजल्याची या गावात नोंद नाही. बर्निस ग्लास घेऊन आली तेव्हा तिचा हात धरून ठेवला आणि म्हणाले, “तू चांगली पोरगी आहेस.” बर्निस एकोणसत्तर वर्षांची आहे. ती झटकन आत निघून गेली.

मग म्हाताऱ्यानं ग्लास उचलला. “मायामीच्या नावानं.”

कुणाला काही कळेना. फादर आधी सावरले. “मायामीच्या नावानं,” ते म्हणाले, आणि सगळे प्यायले.

घरी येताना विचारलं, “मायामी मध्येच कुठून आली, पप्पा?” ते म्हणाले, “सवय.” गोळ्यांचा परिणाम असणार. सोमवारी डॉक्टरांना विचारायला हवं.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी फ्रीजवर मायामी पहिली, बफेलो पाचवी. म्हणजे हुबेहूब गावाच्या यादीसारखं.

लोरेनला म्हटलं, “निदान आठवडाभर तरी म्हाताऱ्याला पहिला नंबर बघू दे की.” ती म्हणाली, “मी हात लावलेला नाही.” मी बफेलो वर नेली आणि कॉफी घ्यायला वळलो. मागं काठीचा आवाज आला. कॅझ फ्रीजपाशी उभे, एका बोटानं बफेलोला खाली सरकवत. काम नेटकं चाललं होतं. एकेक टीम ओलांडून बरोबर पाचवीवर नेऊन थांबवली.

“पप्पा, तुम्हालाच तर ती पहिली हवी होती.”

“ती आहे ना. उशीखाली आहे.”

“मग इथं?”

“इथं मायामी राहू दे.” ते खुर्चीत बसले, जरा दम घेतला. “मला फेब्रुवारीपर्यंत थांबायचंय, नॉर्बी.”

लोरेननं त्यांच्या पुढ्यात अंडी ठेवली आणि त्यांच्या टकलावर ओठ टेकले. ते म्हणाले, “मीठ कमी आहे,” आणि सगळी खाल्ली.

घरात मी मायामीचं नाव एकदाही काढलेलं नाही, तरी नेमकी तीच पहिल्या जागी न्यायची हे म्हाताऱ्याला कसं सुचलं, कोण जाणे. योगायोग असतात. पनवतीवर माझा विश्वास नाही, हे इथं पुन्हा एकदा लिहून ठेवतो. ते दोघं व्हरांड्यात गेल्यावर फ्रीजसमोर थोडा वेळ उभा राहिलो. पाचव्या नंबरवर बफेलो जरा उघड्यावर वाटत होती. सातवीवर नेऊन ठेवली.